काडतुसाच्या बुडाशी असलेली छोटीशी टोपी इतकी महत्त्वाची का असते?

नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यात काठी नावाचं गाव आहे. सातपुड्यातलं जुनं मेवासी संस्थान. इथली राजवाडी होळी बघायला महाराष्ट्रासोबत गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही हजारो लोक येतात. रात्रभर ढोल वाजतात, बावा-बुध्या नाचतात आणि पहाटे होळी पेटते.

या भागातलं शिकारीचं जुनं हत्यार म्हणजे भिल्लांचा तीरकामठा. बांबूचा कामठा, बांबूच्याच चिवट कामटीची दोरी, तीराला लोखंडी टोक. सगळं गावातच तयार होतं. तीर वाकडा निघाला तर दुसरा करायचा, इतका साधा हिशोब.

बंदुकीच्या काडतुसाला हा हिशोब लागू होत नाही.

आता हा विषय का, तर मोबाईलवर सध्या परदेशातले असे बरेच व्हिडिओ फिरतात. टेबलावर एक छोटं यंत्र, शेजारी रिकामी पितळी नळकांडी, आणि एक माणूस घरबसल्या रायफलीची काडतुसं भरतोय. याला हँडलोडिंग म्हणतात. व्हिडिओत ते पिठाच्या गिरणीइतकं सोपं दिसतं. पण त्यातला सर्वात नाजूक निर्णय एका टिकलीएवढ्या वस्तूचा असतो. तिचं नाव प्रायमर.

प्रायमर म्हणजे काय?

दिवाळीत खेळण्यातल्या पिस्तुलात टिकल्या वापरतात. घोडा टिकलीवर आपटतो आणि टिकली फुटते. तत्त्व तेच आहे.

रायफलीच्या काडतुसात चार गोष्टी असतात. पितळी नळकांडं, त्यात दारू, तोंडाशी गोळी आणि बुडाशी प्रायमर. आपल्याकडे जुनी माणसं त्याला टोपी म्हणतात. आघाताने पेटणारं रसायन प्रायमरमध्ये चिमूटभरच असतं. रायफलीची पिन टोपीवर आपटते, आतून ज्वाला निघते, ती बारीक छिद्रातून दारूपर्यंत जाते आणि दारू पेटते. तिच्या वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो.

ही टोपी आली कुठून?

याचं मूळ शिकारीतच आहे. अलेक्झांडर फोर्सिथ हे स्कॉटलंडमधले पाद्री. त्यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. तेव्हाच्या चकमकीच्या बंदुकीत आधी ठिणगी दिसायची आणि बार नंतर व्हायचा. तेवढ्यात पक्षी उडून जायचे. यावर उपाय म्हणून त्यांनी आघाताने पेटणारं रसायन वापरलं आणि १८०७ साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे त्यातूनच तांब्याची टोपी आली.

१८५७ च्या उठावातलं काडतूस आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण त्या काडतुसात टोपी नव्हती. ते कागदी होतं. दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची आणि टोपी बंदुकीवर वेगळी बसवायची. त्याच काळात, १८५७-५८ मध्ये, सातपुड्यात खाज्या नाईकांच्या नेतृत्वाखाली भिल्ल इंग्रजांविरुद्ध उठले होते.

टोपी काडतुसाच्या बुडातच बसवायच्या दोन पद्धती १८६६ च्या सुमारास आल्या. एक इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांची, दुसरी अमेरिकन हायरम बर्डन यांची. रसायन ज्यावर चिरडलं जातं ती छोटी ऐरण बॉक्सर पद्धतीत प्रायमरमध्येच असते आणि नळकांड्याच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असतं. बर्डन पद्धतीत ऐरण नळकांड्याचा भाग असते आणि छिद्रं साधारणपणे दोन.

गंमत म्हणजे इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. बॉक्सरचा वापरलेला प्रायमर मधल्या छिद्रातून सुई घालून सहज काढता येतो. त्यामुळे हँडलोडिंग करणारे बहुतेक जण बॉक्सरचीच नळकांडी शोधतात.

मोठ्या काडतुसाला वेगळा प्रायमर का?

.२२३ सारख्या छोट्या रायफलीच्या काडतुसात साधारण दीड ग्रॅम दारू असते. आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीला वापरतात त्या .४५८ विंचेस्टर मॅग्नममध्ये ती साडेचार ग्रॅमच्या आसपास जाते. काही काडतुसांत याहूनही जास्त.

एवढी दारू एकसारखी पेटायची तर ज्वाला तेवढी दमदार हवी. चुलीत जाड ओंडके असतील तर एका काडीने भागत नाही, तसंच. म्हणून मोठ्या काडतुसांसाठी मॅग्नम प्रायमर असतो. त्याची ज्वाला जास्त गरम असते किंवा जास्त वेळ टिकते. कडाक्याच्या थंडीत आणि पेटायला जड असलेल्या दारूसाठीही तोच निवडतात.

इथे एक मोठा गैरसमज आहे. मॅग्नम प्रायमर आकाराने मोठा नसतो. साधा ‘लार्ज रायफल’ प्रायमर आणि मॅग्नम, दोन्हींचा व्यास ०.२१० इंच, म्हणजे सुमारे ५.३ मिलिमीटर. मोठ्या पिस्तुलाच्या प्रायमरचा व्यासही तेवढाच, पण तो उंचीला कमी आणि त्याचा पत्रा पातळ. डब्यांची अदलाबदल झाली तर नुसत्या नजरेने ओळखणं अवघड.

चूक झाली तर काय होतं?

गाडीच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय हवा असते. .४५८ च्या काडतुसासाठी कमाल दाबाची मर्यादा ६०,००० पीएसआय आहे, आणि तो दाब नेमणाऱ्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तयार होतो.

प्रायमर कमजोर पडला तर बार होतच नाही किंवा उशिरा होतो. घोडा ओढला, आवाज आला नाही आणि माणसाने लगेच रायफल उघडली, तर काडतूस तोंडासमोर फुटू शकतं. म्हणून अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबतात. प्रायमर गरजेपेक्षा जहाल असेल तर दाब वाढतो. पातळ पत्र्याच्या टोपीला भोक पडून गरम वायू मागे येऊ शकतो. टोपी बुडाच्या पातळीच्या बाहेर राहिली तरी धोका. ती किंचित आत बसलेली असावी लागते.

म्हणून जिथे हँडलोडिंग कायदेशीर आहे, तिथेही पहिला नियम असा: प्रायमर मनाने बदलायचा नाही. दारू, गोळी, नळकांडं आणि प्रायमर अशा पूर्ण जोडीची प्रयोगशाळेत चाचणी होते आणि तीच पुस्तिकेत छापतात. त्यातला एक भाग जरी बदलला तरी दारूचं प्रमाण कमी करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आपल्याकडे हे करता येतं का?

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार फक्त भरलेलं काडतूस म्हणजे दारूगोळा असं नाही. काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंही त्या व्याख्येत येतात. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि दारूगोळा तयार करण्याचा वेगळा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

शिकारीचं म्हणाल, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ती गुन्हा आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्यांबाबतही अधिकृत परवानगी लागते. मग हातात रायफल असो की तीरकामठा.

त्यामुळे आपल्याकडे प्रायमरची निवड कारखान्यात होते. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे. १२ बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसं तिथलीच. काठीसारखंच जुन्या खानदेशात असलेलं वरणगाव इथला कारखाना १९६४ चा. हे दोन्ही कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत.

परवानाधारकाच्या हातात उरतात त्या साध्या गोष्टी. काडतूस अधिकृत दुकानातूनच घ्यायचं. ओल आणि उष्णतेपासून लांब ठेवायचं. सातपुड्यातल्या किंवा कोकणातल्या पावसाळ्यात तर जास्तच जपायचं. टोपीवर हिरवट डाग किंवा पोचा दिसला तर ते वापरायचं नाही, आणि घरी उघडून तर अजिबात बघायचं नाही.

तीर चुकला तर तो झाडात रुततो. टोपी चुकली तर पहिला धोका नेमणाऱ्यालाच असतो.