मंदीवाल्यांचा आकडा

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूरचा परिसर हळदीचा. हळद साठविलेल्या व्यापाऱ्याने पुढील महिन्याचा वायदा आजच विकून ठेवला, तर हळदीचे भवितव्य अंधकारमय आहे असा अर्थ तेथे कोणी काढीत नाही. तो आपल्या मालाचा बचाव करीत असतो. शेअर बाजारात मात्र हे व्यवहारज्ञान लोप पावते. एखाद्या तंत्रज्ञान कंपनीचे समभाग मोठ्या प्रमाणावर ‘शॉर्ट’ झाल्याचे कानी पडताच एखादा शिक्षक वा कारकून आपली पुंजी घाईने काढून घेतो. किंवा मंदीवाले आता कचाट्यात सापडणार, या आशेने होती नव्हती ती तेथेच ओततो.

समभाग उसने घेऊन विकायचे आणि भाव उतरला की स्वस्तात घेऊन परत करायचे, हा मंदीवाल्याचा धंदा. असे विकलेले, पण अद्याप परत न केलेले समभाग म्हणजे ‘शॉर्ट इंटरेस्ट’. हा आकडा एकटा मुका असतो. समजा, तो 40 लाख आहे. रोजची उलाढाल 4 लाखांची असेल, तर मंदीवाल्यांच्या सुटकेस किमान 10 दिवस लागतील आणि त्या धावपळीत भाव चढेल. उलाढाल 40 लाखांची असेल, तर तो एका दिवसाचा प्रश्न. मात्र हा हिशेब मंदीवाल्यांची अडचण सांगतो, कंपनीची नव्हे.

आपल्याकडे तर वायदेबाजारातील ‘ओपन इंटरेस्ट’लाच पुष्कळजण मंदीवाल्यांचा आकडा समजतात. वस्तुतः प्रत्येक खुल्या करारात विकणारा असतो तसा घेणाराही असतो. शिवाय विकणाऱ्यांत आपल्या हातच्या समभागांचा केवळ विमा उतरविणारेही असतात, त्या हळदीच्या व्यापाऱ्यासारखे.

मार्च 2001 मध्ये मुंबईत दलाल केतन पारेख यांच्या खरेदीने फुगलेले तंत्रज्ञान कंपन्यांचे समभाग कोसळू लागले. खापर मंदीवाल्यांच्या माथी फुटले आणि सेबीने शॉर्ट विक्रीवर बंदी घातली. भाव तरीही सावरले नाहीत. रोग तेजीवाल्यांच्या उसन्या पैशात होता. जर्मनीने हाच उपाय फेब्रुवारी 2019 मध्ये केला. वायरकार्ड या कंपनीचे समभाग नव्याने शॉर्ट करण्यास दोन महिने मनाई झाली.

उलट 2020 च्या प्रारंभी टेस्लाविरुद्ध मंदीवाल्यांची फौजच उभी होती, आणि त्याच वर्षात तिचा भाव आठपटींहून अधिक झाला. येथे आकड्याहून आक्षेप मोलाचा ठरतो. टेस्लाविषयी मुख्य शंका भावाची आणि उत्पादनक्षमतेची होती. तिला कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारींनी उत्तर दिले. वायरकार्डविषयीची शंका जमाखर्चाच्या खरेपणाची होती. बंदीने तिचे उत्तर मिळाले नाही. जून 2020 मध्ये ताळेबंदातील 190 कोटी युरो बहुधा अस्तित्वातच नसल्याचे कंपनीने कबूल केले, आणि काही दिवसांतच दिवाळखोरीचा अर्ज केला.