आधी पायरी, मग पाणी

छंद साठीनंतरचा : लेखांक ६

मागच्या आठवड्यात गरी, दोरा आणि आमिष पाहिले. आता होडी. भाट्ये किंवा साखरतरच्या खाडीत गरवायला जाणारी निवृत्त मंडळी होडी घेताना पहिल्यांदा विचारतात, इंजिन किती हॉर्सपॉवरचे? साठीनंतर हा प्रश्न शेवटी यावा. पहिला प्रश्न असा की, या होडीत मला धडपणे चढता-उतरता येते का? वय वाढले की तोल सावरायला वेळ लागतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे झटकन उठले की गरगरते. आणि होडी सर्वांत जास्त हलते ती नेमकी आपण पाय टाकतो किंवा उठतो तेव्हाच.

म्हणून रुंदी आधी पाहा. होडीचा कलण्याला होणारा विरोध ढोबळमानाने रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी तीच ठेवून रुंदी ३ फुटांऐवजी ४ फूट केली, तर तो दुपटीहून अधिक होतो. खाडीच्या संथ पाण्यात सपाट, रुंद तळाची होडी उत्तम. मात्र लाटांत हाच तळ आपटतो आणि कंबर धरते. अरुंद होडीच घ्यायची असेल तर उलांडीची घ्या. आडव्या दांड्यांना बांधलेला तो तरंगता ओंडका एका बाजूला कलताना पाण्याच्या रेट्याने आणि दुसऱ्या बाजूला कलताना स्वतःच्या वजनाने होडी सावरतो. रत्नागिरीपासून खाली गोव्यापर्यंत ही जुनी युक्ती अजून दिसते.

मग होडीत बसून पाहा. फळी खुर्चीइतकी उंच हवी. उकिडवे बसावे लागले तर तासाभरात गुडघे बोलू लागतात. पाठीला टेकू आणि उठताना धरायला पक्की कडी हवी. फायबरचा तळ ओला झाला की निसरडा होतो, तिथे खरखरीत रबरी पट्टी चिकटवून घ्या. सगळे बसल्यावरही काठ पाण्याच्या हातभर वर राहिला पाहिजे. तळात साचलेले पाणी लगेच उपसा. होडी कलली की ते त्याच बाजूला धावते आणि कल आणखी वाढवते.

चांगल्या होडीलाही वेळ सांभाळावी लागते. ओहोटीला होडी खाली जाते आणि धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. त्यातून अष्टमीला भांग असतो, पाण्याची चढउतार कमी. मुरलेला गरवणारा म्हणेल, मासा उधाणालाच जोरात लागतो. खरे असेल, पण उधाणाची ओढही तितकीच जोरात असते. एखादी तांबोशी कमी मिळाली तरी चालेल.

खाडीचे मुख मात्र टाळा. मांडवीजवळ काजळी नदीच्या मुखाशी वाळू साचते. उतरते पाणी आणि समुद्राची लाट तिथे समोरासमोर आली की उथळावर लाट उभी राहून फुटते. उन्हाळ्यात दुपारनंतर वाराही चढतो, तेव्हा सकाळीच परतलेले बरे. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. पावसाळ्यात गरी घरीच ठेवा.

लाइफ जॅकेट धक्क्यावरच अंगात घाला. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही. फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्यात साठवा.

इतके पाहूनही लगेच विकत घेऊ नका. एक हंगाम ओळखीच्या तांडेलाबरोबर भाड्याच्या होडीतून जा. कुठली फळी कमरेला मानवते आणि कुठली कडी हाताशी येते, ते तेवढ्यात कळेल. मग इंजिनाचे विचारा.

पुढील लेखांक : लाकडी की फायबर? खर्च आणि देखभाल.