भार पेलेल तीच कूर्चा

‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ ही तक्रार नागपूरच्या अस्थिरोग ओपीडीत रोजचीच. खरे तर झिजलेली असते ती हाडांच्या टोकांवरची जेमतेम दोन-चार मिलिमीटर जाडीची कूर्चा. ती एकदा गेली की पुन्हा भरून येत नाही, हे विल्यम हंटर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १७४३ सालीच मांडले होते. तिला रक्तवाहिन्या नसतात आणि पेशीही विरळ. मग दुरुस्तीचे सामान पोहोचणार कसे?

ही कूर्चा आयुष्यभर भार कसा पेलते, याचे समाधानकारक गणित मात्र १९८० साली हाती आले. व्हॅन माउ आणि सहकाऱ्यांनी कूर्चेकडे घन आणि द्रव यांचे मिश्रण म्हणून पाहिले. तिचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग पाणी असतो. पाऊल टेकताच भाराचा मोठा वाटा हे कोंडलेले पाणी उचलते. ते हळूहळू पाझरू लागले की भार कूर्चेतील घन जाळ्यावर येतो. १९९१ साली या गणितात क्षारांच्या आयनांची भर पडली आणि कूर्चा पाणी धरून कशी ठेवते, तेही मांडता आले.

यानंतरचे दशक पेशींचे होते. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे रुग्णाच्याच कूर्चेतील पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून परत बसवण्यात आल्या. २३ रुग्णांचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. मांडीच्या हाडाच्या टोकावर १६ पैकी १४ जणांना चांगला गुण आला. वाटीवर मात्र ७ पैकी दोघांनाच. पेशी वाढवण्याची पद्धत तीच, पण जागा बदलली, भार बदलला आणि निकालही. माझ्या मते या क्षेत्राचा सगळ्यात मोठा धडा इथेच होता.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली त्याच दिशेने पाऊल टाकले. ॲगरोजच्या जेलमध्ये पेशी रुजवून त्यांनी तो जेल रोज काही तास, सेकंदाला एकदा या तालाने दाबला. चार आठवड्यांनी तो न दाबलेल्या जेलच्या सुमारे सहापट ताठ झाला होता. तरीही नैसर्गिक कूर्चेची बरोबरी दूरच होती.

भारतात रुग्णाच्याच पेशींपासून केलेल्या कूर्चा-उपचाराला २०१७ साली औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. ती मिळवणारी रीग्रो बायोसायन्सेस ही कंपनी महाराष्ट्रातलीच. नागपूरने वेगळी वाट धरली होती. १९६० साली सुरू झालेल्या इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पुढे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था (व्हीएनआयटी) झाली. तिथल्या यंत्र अभियांत्रिकी विभागात अभयकुमार कुथे यांच्यासारख्या प्राध्यापकांनी सीटी स्कॅनवरून हाडांची प्रतिरूपे आणि रुग्णागणिक रोपणे घडवण्यावर काम केले. २०१४ साली राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पाठबळावर वैद्यकीय उपकरणे घडवणारे ‘बेटिक’ हे केंद्र उभे राहिले. त्यात आयआयटी मुंबई आणि पुण्याच्या सीओईपीसोबत व्हीएनआयटीही होती. अभियंता आणि शल्यविशारद एका टेबलाशी बसू लागले.

भर हाडावर राहिला, यात नवल नाही. टायटॅनियमचा तुकडा आराखड्याबरहुकूम कापता येतो; पाणी धरून ठेवणारी, पाझरू देणारी आणि तरीही न फाटणारी ऊती छापणे कितीतरी अवघड.

पण पुढचे काम नेमके इथल्याच अभियंत्यांच्या हातचे आहे. युरोप-अमेरिकेतल्या चाचण्या प्रामुख्याने खुर्चीवर बसणाऱ्या गुडघ्यांवर झाल्या. विदर्भातली बाई मात्र उकिडवी बसून निंदण करते, मांडी घालून जेवते. खोल वाकलेल्या गुडघ्यात वाटीमागचा दाब कितीतरी वाढतो, आणि १९९४ साली कमी पडली ती वाटीच. त्या बैठकीतले दाब मोजून त्याच दाबांखाली नवी ऊती पारखायला हवी. त्यासाठी लागणारी यंत्रविद्या नागपुरात आहे आणि तसे गुडघेही.