बागेंतले काळे पाहुणे

चैत्र-वैशाखांत वाळवणें पडूं लागलीं म्हणजे घरांतील एखाद्या मुलाच्या हातीं काठी देऊन त्याला गच्चीवर राखणीस बसविण्यांत येतें. हुकूम एवढाच असतो, कीं काळें कांहीं उतरलें कीं हाकलावें. हुकूम सोयीचा खरा, पण न्यायाचा नाहीं. याच दिवसांत आपल्या परसांत सहा-सात जातींचे काळे पक्षी येत-जात असतात. त्यांतील पापड-कुरडयांवर डोळा ठेवणारा बहुधा कावळाच. बाकीचे त्याच्या नांवाचे खडे खातात. शिवाय हाच काळ यांपैकीं बहुतेकांच्या विणीचा. एका खड्यानें जोडपें बिथरून घरटें सोडून जाऊं शकतें. म्हणून काळ्या-काळ्यांतला भेद ओळखणें हा निव्वळ रिकामपणाचा छंद समजूं नये.

ओळख पटविण्याची पहिली अट ही, कीं रंग विसरावा. आकारमान, शेपूट, डोळा, चाल आणि स्वर या पांच गोष्टींकडे लक्ष द्यावें. आकारमानासाठीं फूटपट्टी नको. डॉ. सालिम अली यांनीं १९४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांवरील आपल्या ग्रंथांत चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा अशीं ओळखीचींच मापें वापरलीं आहेत. तीं घरांतल्या लहान मुलालाही पुरतात.

प्रथम कावळाच घेऊं. ज्याच्या काळेपणाला आपण नांवें ठेवतों तो गांवकावळा पुरता काळा नसतोच. त्याची मान व छाती राखी असते. सर्वांगानें काळा, अंगानें थोराड, चोंच जाड आणि आवाज घोगरा असा जो दिसतो तो डोमकावळा.

कावळ्याएवढाच, पण लांब व रुंद शेपटीचा पक्षी कुंपणाच्या कडेनें भारदस्त पावलें टाकीत चालला असेल, आणि त्याचे पंख विटकरी व डोळे लाल असतील, तर तो भारद्वाज. त्याचें दर्शन शुभ मानण्याची आपल्याकडे चाल आहे. गोगलगाई, किडे, सरडे हें त्याचें अन्न. मात्र दुसऱ्यांच्या घरट्यांतील अंडीं-पिलेंही तो सोडीत नाहीं. झुडपांतून येणारा 'कूप् कूप्' असा खोल घुमारा याचाच. हा कोकिळेच्याच कुळांतला. परंतु स्वतःचें घरटें बांधतो आणि स्वतःचीं पिलें स्वतः वाढवितो.

तारेवर किंवा वाळक्या फांदीवर ताठ बसलेला, सडपातळ, चकचकीत काळा आणि शेपटीचे दोन फाटे झालेला असा जो दिसेल तो कोतवाल. शेपूट धरून त्याची लांबी १२ इंचांच्या आसपास भरते. उडता किडा दिसला कीं तो झेपावतो, आणि परत त्याच जागीं येऊन बसतो. गुरांच्या पाठीवर बसून त्यांच्या पायांशीं उडणारे नाकतोडेही टिपतो. घरट्याजवळ कावळा वा घार फिरकली, तर हा एवढासा जीव तिला दूरवर पिटाळून लावतो. म्हणूनच होले, हळद्या असे गरीब पक्षी त्याच्याच झाडावर आपला संसार थाटतात. गच्चीवरच्या मुलाचा खडा याला लागला, तर राखणदारानेंच राखणदाराला मारल्यासारखें होईल.

लहानांत तीन ध्यानांत ठेवावेत. बुलबुलाएवढा, काळा-पांढरा, पहाटे उंच शेंड्यावरून गोड शीळ घालणारा तो दयाळ. त्याची मादी काळीऐवजीं राखी असते. चिमणीहून थोडा मोठा, भिंतीच्या कडेनें उड्या मारीत फिरणारा, शेपूट उभारली कीं तिच्या बुडाशीं तांबूस रंग दाखविणारा तो चिरक. आणि चिमणीहूनही लहान, बांकदार चोंचीनें फुलांतला मध चोखणारा, सावलींत काळा पण उन्हांत निळा-जांभळा झळकणारा तो शिंजीर.

आतां राहिला कोकीळ. काक आणि पिक यांचा भेद वसंतांत उघड होतो, असें आपल्याकडील जुनें सुभाषित सांगतें. पण तो इतर ऋतूंतही दिसतो. कोकीळ लांबीला कावळ्याएवढा, परंतु सडसडीत. डोळे लालभडक, चोंच फिकट हिरवट, शेपूट लांब. तो सहसा जमिनीवर उतरत नाहीं. वड-पिंपळाच्या दाट पानांत बसून फळें खातो. वाळवणाशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. आणि मुख्य गोष्ट ही, कीं काळा असतो तो नर, आणि 'कुहू' असें गातो तोही नरच. मादी तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची. तिचा आवाज 'किक् किक्' असा तुटक व कर्कश. आषाढ अधिक आला, जसा तो २०१५ सालीं आला होता, म्हणजे कोकिळाव्रत करणाऱ्या स्त्रिया कोकिळेचा स्वर कानीं पडल्यावांचून जेवत नाहींत. त्या ज्या स्वराची वाट पाहतात तो कोकिळेचा नसून कोकिळाचा असतो.

गाण्याचें श्रेय मादीला मिळालें, तसा दोषही एकट्या तिलाच मिळाला. कावळ्याच्या घरट्यांत अंडें घालते म्हणून संस्कृतांत तिचें नांव परभृता. 'शाकुंतला'च्या पांचव्या अंकांत दुष्यंत शकुंतलेला नाकारतांना हाच दाखला देऊन स्त्रीजातीला उपजत धूर्त ठरवितो. पिलें वाढविण्याचा भार कोकीळही उचलीत नाहीं, हें मात्र राजाच्या ध्यानांत आलें नाहीं!

कोकिळेचें अंडें कावळ्याच्या अंड्याशीं मिळतेंजुळतें, पण लहान असतें, आणि त्यांच्याआधीं फुटतें. बाहेर आलेलें पिलूही काळसर. रात्रंदिवस घरट्यावर डोळा ठेवणाऱ्या कावळ्यालाही हा भेद कळत नाहीं. तो त्याला पोटच्या पोरासारखें भरवितो. ज्येष्ठ-आषाढांत बागेंत आंखूड शेपटीचें, तोंड वासून ओरडणारें एखादें काळसर पिलू दिसलें, तर तें कावळ्याचेंही असेल, कोकिळेचेंही असेल. दोन्ही प्रसंगीं कर्तव्य एकच. त्याला अनाथ समजून घरांत आणूं नये. कुत्र्या-मांजराचें भय असल्यास अलगद उचलून जवळच्या फांदीवर ठेवावें आणि दूर व्हावें. भरविणारा कावळा जवळपासच असतो. तो डोक्यावर टोंच मारावयास आला, तर त्याला दुष्ट म्हणूं नये. भाद्रपदांत ज्याची आपण हात जोडून वाट पाहतों, त्यालाही आषाढांत आपलें मूल सांभाळण्याचा अधिकार आहे.

वाळवणाच्या राखणीस मुलांना अवश्य बसवावें. वाळवणावर एखादें जुनें पातळ ताणलें म्हणजे खड्यांची गरजच उरत नाहीं. काठीच्या जोडीला एक वही द्यावी, आणि सायंकाळीं सर्वांसमक्ष विचारावें, कीं आज आलेल्यांपैकीं कोणाचे डोळे लाल होते, कोणाची शेपूट दुभंगलेली होती. रंगावरून माणूस पारखूं नये असें आपण मुलांना तोंडानें सांगत असतों. तें डोळ्यांनीं शिकण्याची सोय परसांतच आहे.