जगाची दुखणी, औषधांसकट!

पुस्तक बंद करताना कुणी मेजवानी देतं का? स्टुअर्ट ब्रँडनं दिली. साल १९७१, महिना जून, गाव सॅन फ्रान्सिस्को. ‘होल अर्थ कॅटलॉग’ या त्याच्या तुफान खपलेल्या ग्रंथाची ही निरोपाची रात्र. शेकडो लोक जमले. गप्पा, गाणी, नाच ऐन रंगात आले असताना ब्रँडनं जाहीर केलं, की इथं रोख २०,००० डॉलर आहेत आणि त्यांचं काय भलं करायचं ते आता तुम्हीच ठरवा. पहाटेपर्यंत खल चालला. काही नोटा हातोहात वाटल्या गेल्या आणि उरलेली बरीचशी रक्कम फ्रेड मूर नावाच्या तरुणाच्या हवाली झाली. याच मूरनं १९७५ मध्ये एका मित्राबरोबर ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ काढला. ॲपलचा पहिलावहिला संगणक त्याचा कर्ता वॉझ्नियॅक यानं दाखवला तो याच क्लबात!

मुळात हा ग्रंथ निघाला १९६८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कहून. ६४ पानं, किंमत ५ डॉलर. विहीर कशी खणावी, घर कसं बांधावं, मधमाश्या कशा पाळाव्यात, शाळेबाहेर कसं शिकावं, यासाठी कुठलं पुस्तक चांगलं, कुठलं अवजार चांगलं आणि ते कुठं मिळेल, हे सगळं त्यात. मुखपृष्ठावर उपग्रहानं टिपलेला पृथ्वीचा रंगीत फोटो. त्यामागंही एक कथा आहे. अख्ख्या पृथ्वीचा फोटो आपण अजून का पाहिला नाही, असा सवाल छापलेले बिल्ले ब्रँड १९६६ मध्ये विकत फिरत होता. पृथ्वी एका नजरेत दिसली की लोक तिचा विचारही एकत्र करतील, अशी त्याची खात्री होती. ग्रंथाच्या १९७१ च्या आवृत्तीला पुढच्याच वर्षी अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. अवजारांच्या सूचीला साहित्याचा मान!

जगात काय काय बिघडलंय आणि ते कसं दुरुस्त करावं, हे एका जिल्दीत बांधायचा ध्यास अमेरिकेत जुना आहे. १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या फंक अँड वॅगनॉल्स कंपनीनं ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ सोशल रिफॉर्म’ छापला. संपादक विल्यम ब्लिस हे पाद्री, जन्म मात्र कॉन्स्टँटिनोपलचा, कारण आईवडील तिथं मिशनरी. बालमजुरी, दारू, कोंदट चाळी, कामाचे तास, कामगार संघटना असे त्या काळचे सगळे जळते प्रश्न अकारविल्हे लावलेले. १९०८ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली.

त्याच सुमारास आपला एक मराठी माणूस न्यूयॉर्क राज्यातल्याच इथाकामध्ये अभ्यास करत होता. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. जातिसंस्थेच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक १९०९ मध्ये तिथूनच प्रसिद्ध झालं आणि १९११ मध्ये ते डॉक्टर झाले. मायदेशी परतल्यावर ज्ञानकोशासाठी त्यांनी चक्क लिमिटेड कंपनी काढून शेअर विकले आणि २३ खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ मराठीत आणला. पहिल्या खंडाचं नावच ‘हिंदुस्थान आणि जग’! आपल्या घरची दुखणी समजून घ्यायची तर आधी जगाच्या नकाशात आपण कुठं आहोत ते पाहावं, हा केतकरांचा खाक्या मला आजही पटतो.

नकाशावर खेळ

नकाशाचं नाव निघालं की बकमिन्स्टर फुलर आलेच. जिओडेसिक घुमटांसाठी ते आपल्याला माहीत असतात. पण इलिनॉयमधल्या कार्बनडेल या छोट्या गावी, सदर्न इलिनॉय विद्यापीठात बसून त्यांनी आणि सहकारी जॉन मॅकहेलनं १९६३ मध्ये एक विलक्षण दस्तऐवज काढला. जगाजवळ धातू किती, ऊर्जा किती, अन्न किती, माणसं किती आणि त्यांना लागतं किती, याची ती गणती होती. फुलरांचं म्हणणं साधं होतं. आधी शिल्लक मोजा, मग वाटपाचं बोला.

त्यांचा जगाचा नकाशा तर कात्रीनं कापून चिकटवायचा होता. १ मार्च १९४३ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात तो छापून आला. तुकडे कापा, कडा जुळवा आणि हवी तशी पृथ्वी मांडा. पुढं १९५४ मध्ये शोजी सादाओंच्या साथीनं त्यांनी तो वीस त्रिकोणांचा केला. तो पसरला की सगळे खंड जवळजवळ सलग दिसतात. कुठल्याही खंडाच्या मधोमध चीर पडत नाही आणि ग्रीनलँड आफ्रिकेएवढा फुगत नाही.

याच नकाशावर ‘वर्ल्ड गेम’ खेळायचा होता. सैन्यं जशी युद्धाचे खेळ खेळून तयारी करतात, तशी माणसांनी सुबत्तेची तयारी करावी. कुणाचं नुकसान न करता, निसर्ग न ओरबाडता सगळ्यांना पुरेल असं जग उभं करा, हे खेळाचं उद्दिष्ट. १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनातल्या अमेरिकन दालनात तो मांडावा, अशी फुलरांची इच्छा होती. सरकारनं घुमट घेतला, ७६ मीटर व्यासाचा, आणि खेळ बाहेर ठेवला! मग १९६९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या एका कलाशाळेत विद्यार्थ्यांना घेऊन पहिली कार्यशाळा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलर दिल्लीत नेहरू स्मृती व्याख्यान द्यायला आले होते आणि विषयही हाच, अख्ख्या ग्रहाचं नियोजन.

पुढं फिलाडेल्फियाच्या वर्ल्ड गेम इन्स्टिट्यूटनं हा नकाशा बास्केटबॉलच्या मैदानाएवढा केला. पोरं पायमोजे घालून त्यावर उभी राहत, तीही लोकसंख्येच्या प्रमाणात. आशियावर दाटीवाटी, उत्तर अमेरिकेवर ऐसपैस जागा. आकडे पाठ करून जे कळत नाही, ते शेजाऱ्याचा कोपर लागला की कळतं.

याच संस्थेचा १९९० च्या दशकातला एक तक्ता मला फार आवडतो. जगाचा वर्षाचा लष्करी खर्च तेव्हा सुमारे ७८० अब्ज डॉलर धरलेला. तेवढे चौकोन आखले, एक चौकोन म्हणजे एक अब्ज. मग त्यांतलेच चौकोन रंगवत गेले. सगळ्यांना शुद्ध पाणी वर्षाला १० चौकोन. निरक्षरता हटवायला ५. जमिनीत पेरलेले सुरुंग काढायला २. उपासमार, घरं, आरोग्य, जंगलं, मातीची धूप, निर्वासित, कर्ज असं करत करत सगळी दुखणी मांडून झाली तरी रंगले किती? साधारण ३० टक्के. उरलेला कागद पांढराच! बेरजेतल्या एकेका रकमेवर वाद घालता येईल आणि घालावाही. पण प्रश्नासमोर किंमत लिहिण्याची ही हिंमत मोठी आहे, कारण किंमत लिहिली की ‘अशक्य’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

पैज लावता?

सरकारनंही हा उद्योग करून पाहिला. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरनी फर्मावलं, की २००० साली जग कसं असेल याचा अंदाज बांधा. जेराल्ड बार्नी यांच्या देखरेखीखाली तीन वर्षांनी ‘ग्लोबल २०००’ अहवाल आला, तीन खंडांत. त्यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट शेवटच्या आकड्यांत नाही, ती सापडली काम चालू असताना. शेती खातं, ऊर्जा खातं, पाण्याचं खातं, प्रत्येकाचं गणित वेगळं आणि गृहीतकंही वेगळी. आपल्याला लागेल तेवढं सगळं मिळणारच, असं जो तो धरून चाललेला. देशाच्या कारभाराची गणितं एकमेकांशी बोलतच नव्हती, हे या संकलनामुळं उघड झालं. लोकसंख्येचा अंदाज मात्र बराच जवळचा होता. त्यांनी ६३५ कोटी सांगितली, प्रत्यक्षात २००० साली जग सुमारे ६१० कोटींवर होतं.

अहवालाचं एकूण भाकीत ज्यांना खूपच काळवंडलेलं वाटलं, त्यांत ज्युलियन सायमन हे अर्थशास्त्रज्ञ पुढं होते. लोकसंख्येच्या स्फोटाचा इशारा देणारे स्टॅनफर्डचे पॉल अर्लिक आणि त्यांचे दोन सहकारी यांच्याशी त्यांनी १९८० मध्ये पैजच लावली. तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन, प्रत्येकी २०० डॉलरचं, कागदावर घेतलं. दहा वर्षांत महागलं तर सायमननी फरक द्यायचा, स्वस्त झालं तर अर्लिकनी. दशकभरात जगात ८० कोटी माणसं वाढली आणि पाचही धातू महागाई वजा जाता स्वस्त झाले! ऑक्टोबर १९९० मध्ये अर्लिककडून ५७६ डॉलर ७ सेंटचा चेक टपालानं आला. दुसरं एखादं दशक निवडलं असतं तर निकाल उलटाही लागला असता, हे पुढं अभ्यासकांनी दाखवून दिलं. तरी दोन विद्वानांनी आपली मतं मोजता येतील अशा रूपात मांडली, याचं मला कौतुक वाटतं.

धावता धावता आणखी काही. एमआयटीच्या जे फॉरेस्टरनी जगाच्या संगणकी प्रतिकृतीचा पहिला आराखडा १९७० मध्ये बर्नमधल्या एका बैठकीहून परतताना विमानात खरडला. त्यातूनच १९७२ चं ‘लिमिट्स टू ग्रोथ’ उभं राहिलं. १९८४ पासून अनेक वर्षं ‘स्टेट ऑफ द वर्ल्ड’ काढलेल्या वर्ल्डवॉच संस्थेचे संस्थापक लेस्टर ब्राऊन हे मूळचे न्यू जर्सीचे टोमॅटो पिकवणारे शेतकरी, आणि १९५६ मध्ये ते सहा महिने भारतातल्या खेड्यांत राहिले होते. या जातीचा सगळ्यात जाडजूड कोश मात्र अमेरिकेबाहेरचा, ब्रसेल्सचा. १९७६ मध्ये पहिल्यांदा निघालेल्या त्या कोशात आज पन्नास हजारांवर समस्या आहेत आणि कुठली समस्या कुठलीला खतपाणी घालते, तेही नोंदलेलं आहे.

गरजवंताच्या हाती

माझा जीव मात्र हाताला काम देणाऱ्या पुस्तकांत जास्त रमतो. १९५९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्कनेक्टडीत काही इंजिनिअरांनी ‘व्हिटा’ ही संस्था काढली. परदेशातल्या खेड्यांतून अडचणीचं पत्र आलं की हे लोक नोकरी सांभाळून फुकट उत्तर पाठवत. अशा अनुभवातून हातपंप, विहिरी, संडास, चुली यांची एक हस्तपुस्तिका तयार झाली.

आणि डेव्हिड वर्नर! जीवशास्त्र शिकवणारा हा अमेरिकन मेक्सिकोच्या डोंगरात गेला आणि तिथल्या आरोग्यसेवकांसाठी त्यानं १९७३ मध्ये स्पॅनिशमध्ये पुस्तक लिहिलं. इंग्रजीत ते १९७७ मध्ये ‘व्हेअर देअर इज नो डॉक्टर’ म्हणून आलं. चित्रंच चित्रं, सोपी भाषा, जुलाब झाल्यावर साखर-मिठाचं पाणी कसं करायचं ते प्रमाणासह. औषधांची माहिती हिरव्या पानांवर, म्हणजे घाईत पान चटकन सापडावं. ८० हून अधिक भाषांत ते गेलं आहे.

अलीकडचं गाजलेलं नाव म्हणजे पॉल हॉकेन यांनी संपादित केलेलं ‘ड्रॉडाउन’, साल २०१७. हवेतला कार्बन कमी करणारे ८० उपाय, मोजून-मापून क्रमवार लावलेले, वर भविष्यातले २०. पहिला नंबर कुणाचा असेल? सौरऊर्जा? विजेची गाडी? नाही, फ्रिज आणि एसीतला गॅस आवरण्याचा! हे गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपट ते नऊ हजारपट तापवतात, आणि बहुतेक गळती यंत्र निकामी झाल्यावर होते. भंगारात नळी तोडली की फुस्स, सगळा गॅस हवेत. सहावा नंबर मुलींच्या शिक्षणाचा, सातवा कुटुंबनियोजनाचा, आणि दोन्ही एकत्र धरले तर ते पहिल्यालाही मागं टाकतात. २०२० च्या आढाव्यात दोन अंशांच्या मर्यादेचं गणित मांडलं तेव्हा अन्नाची नासाडी थांबवणं पहिल्या जागी आलं. नवी माहिती आली की यादी बदलायची, हे या मंडळींचं धोरणच आहे.

त्या पुस्तकात एकविसावा उपाय आहे धूर न करणारी चूल. हे काम पुण्याला नवं नाही. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेनं सुधारित चुलींवर वर्षानुवर्षं काम केलंय. शिवाय उसाचं जे पाचट शेतकरी फडातच पेटवून देतात, त्याचा जळणासाठी कोळसा करण्याची भट्टी संस्थेनं बसवली आणि २००२ मध्ये त्यासाठी ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळवला. स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणाऱ्या आटोपशीर बायोगॅस संयंत्रासाठी २००६ मध्ये तोच पुरस्कार पुन्हा पुण्यात आला. जगाच्या दुखण्यांवरच्या पुढच्या कोशात पाचटाचं एक पान हवंच, आणि ते लिहायला माणसं पुण्यात तयार आहेत.