नळाला पाणी कधी आले होते?

ताप किंवा जुलाब घेऊन आलेल्या रुग्णाला छत्रपती संभाजीनगरातल्या दवाखान्यात नाव, वय, कधीपासून त्रास आहे, हे विचारून झाले की आणखी एक प्रश्न विचारायला हवा. तुमच्याकडे नळाला पाणी कधी आले होते? या शहरात काही आजार पाणी आल्यावर सुरू होतात, तर काही पाणी नसलेल्या दिवसांत वाढतात. दोन्हींवरचे सल्ले वेगळे आहेत, आणि ज्या शहरात रोज पाणी येते तिथले सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

शहराला पाणी येते ते पैठणच्या जायकवाडी धरणातून. १९७६ साली पूर्णत्वास गेलेला हा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर आहे, आणि शहर त्याच्यापेक्षा उंचावर. म्हणजे थेंब न् थेंब पंपाने चढवून आणावा लागतो. २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. त्यानंतर ती आणखी वाढली, जलवाहिन्या मात्र वर्षानुवर्षे जुन्याच राहिल्या. त्यामुळे चार-पाच दिवसांनी, आणि उन्हाळ्यात आठवडाभरानेही, पाणी येणे इथल्या लोकांच्या अंगवळणी पडले. ‘आज आमच्याकडे पाणी आहे’ एवढे म्हटले की लग्नाला का आला नाहीत, कामावर उशीर का झाला, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हौद, टाकी, पिंप, रांजण, बादल्या, कळशा, घरात जे भांडे असेल ते भरून ठेवायचे आणि पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायचे.

आधी पाणी येण्याच्या दिवसाचे बघू. नळ कोरडा असतो तेव्हा जमिनीखालची वाहिनी नुसती रिकामी पडलेली नसते. पाण्याचा दाब नाहीसा झाला की जुन्या पाइपाच्या भेगांतून आणि सैल सांध्यांतून आजूबाजूची घाण आत झिरपते. शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल तर तीही. पुढच्या खेपेला पाणी सुटते ते ही घाण घेऊनच. त्यात नळालाच थेट मोटार लावली की वाहिनीतले पाणी ओढले जाते आणि बाहेरचे मैलापाणी आत यायला आणखी वाट मिळते. मोटारीचा फायदा एका घराला, त्रास मात्र अख्ख्या गल्लीला. नोव्हेंबर २०१७ मध्ये छावणी परिसरात दूषित पाण्याने गॅस्ट्रोची साथ आली, तेव्हा हजारो लोक उलट्या-जुलाबांनी आजारी पडले.

म्हणून सुरुवातीचे गढूळ पाणी पिण्याच्या भांड्यात घेऊ नये. ज्या घरात थेंब मोजून वापरावा लागतो तिथे ते सोडून द्या असे सांगणे निर्दयपणाचे होईल. ते संडासासाठी, फरशीसाठी वेगळ्या बादलीत धरता येते. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत, त्यामुळे स्वच्छ दिसणारे पाणी पिण्याजोगे असेलच असे नाही. ते चांगले खळखळून उकळावे किंवा क्लोरिनचे औषध ठरवून दिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास ठेवावे. काढताना लांब दांड्याचे ओगराळे वापरावे, हात बुडवू नये.

जुलाब लागले की घरचे लोक ‘सलाईन लावा’ म्हणून आग्रह धरतात. तोंडाने पाणी घेऊ शकणाऱ्या बहुतेक रुग्णांना त्याची गरज नसते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे चहाच्या चमच्याने मोजून घातलेले पाणी थोडे थोडे पाजत राहिले तर शरीर सावरते. १९७१ च्या बांगलादेश युद्धात निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच मीठ-साखरेचे पाणी देऊन कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना वाचवले. लहान मुलाला त्यासोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंक द्यावे आणि अंगावरचे दूध थांबवू नये. डोळे खोल गेले, लघवी होईना, मूल मलूल पडले, तर मात्र दवाखाना गाठलाच पाहिजे.

दूषित पाण्याचे सगळेच आजार दुसऱ्या दिवशी दिसत नाहीत. टायफॉइडला आठवडा-दोन आठवडे लागतात, काविळीला महिनाभरही लागतो. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर गावठी औषधात एक दिवसही घालवू नये, कारण हिपॅटायटिस ई हा आजार गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जीवघेणा ठरू शकतो. आणि तापाच्या दुसऱ्याच दिवशी केलेल्या ‘विडाल’ तपासणीवरून ‘टायफॉइड निघाला’ असे धरून चालणे चूक आहे. ती तपासणी पहिल्या आठवड्यात फारशी भरवशाची नसते. खात्री हवी तर अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करावे.

आता पाणी नसलेल्या दिवसांकडे वळू. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही. त्याला साठवलेले स्वच्छ पाणी लागते, म्हणजे नेमके तेच जे आपण इतक्या कष्टाने भरून ठेवतो. मादी पाण्याच्या काठाला, भांड्याच्या आतल्या ओल्या कडेवर अंडी चिकटवते. पाण्याने भिजली की अंडी फुटतात, वळवळणाऱ्या अळ्या होतात, त्यांचे कोष होतात आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत डास उडतो. पाण्याच्या दोन खेपांमधले अंतर आठवड्यावर गेले की या डासाला वाढायला हवा तेवढा वेळ घरातच मिळतो.

‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ हा सरकारी सल्ला शास्त्राला धरून आहे. पण पाच दिवसांनी पाणी येणार असलेल्या बाईने आज पिंप कसे रिकामे करावे? या शहरापुरता सल्ला थोडा बदलावा लागतो. ज्या दिवशी पाणी यायचे, त्याच्या आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी, भांडी तळाला गेलेली असतात. तोच घासण्याचा दिवस. नुसते विसळून भागत नाही. चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात आणि नवे पाणी भरले की जिवंत होतात. आतली कड खराट्याने किंवा तारेच्या घासणीने खसाखसा घासून, भांडे उन्हात वाळवून मगच भरावे. उरलेले थोडे पाणी दुसऱ्या भांड्यात काढायचे तर जुन्या धोतराच्या किंवा साडीच्या कापडातून गाळून, म्हणजे अळ्या कापडावर राहतात. टाकीचे झाकण हरवले असेल तर जाड कापड दोरीने घट्ट बांधावे. जमिनीतला हौद दर वेळी उपसता येत नाही. त्यात महापालिकेचे कर्मचारी अळ्या मारणारे अ‍ॅबेट टाकायला येतात तेव्हा वासाच्या भीतीने त्यांना परत पाठवू नये. वापराच्या हौदात गप्पी मासेही सोडता येतात.

कूलरचा वेगळा उल्लेख करायलाच हवा. मराठवाड्यातला उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही, आणि पहिला पाऊस पडला की त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. तळाशी चार बोटे पाणी तसेच राहते. जूनमध्ये टाकी पुसून कोरडी करणे आणि गवताच्या जाळ्या काढून टाकणे, एवढ्या कामाने पावसाळ्यातला मोठा धोका टळतो. गच्चीवरची टायरे, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, सगळ्यांना हाच नियम.

घरात डेंग्यूचा रुग्ण निघालाच, तर एक गोष्ट फार कमी घरांत पाळली जाते: त्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवणे. एडिस दिवसा चावतो. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. त्याला चावलेला डास आठ-बारा दिवसांनी दुसऱ्यांना आजार देऊ लागतो. डास फार लांब उडत नाही, त्यामुळे पुढचा रुग्ण बहुधा त्याच घरातला किंवा शेजारचा असतो.

डेंग्यूच्या तापाला पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मेडिकलवाल्याकडून ‘अंगदुखीची गोळी’ मागून घेणे म्हणूनच धोक्याचे. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ तपासणी उपयोगी, त्यानंतर आयजीएम. आणि ताप उतरला म्हणजे सुटलो, असे डेंग्यूत नसते. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरत असतानाच, रक्तवाहिन्यांतला द्रव बाहेर झिरपू लागतो आणि रुग्ण खचतो. पोटात असह्य दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, सुस्ती किंवा बेचैनी, यातले एक जरी दिसले तरी रात्र असो वा पहाट, रुग्णालय गाठावे. चित्रपट दिग्दर्शक यश चोप्रा यांचे २०१२ साली मुंबईत डेंग्यूनेच निधन झाले. हा आजार झोपडी आणि बंगला असा भेद करत नाही.

लोक मात्र प्लेटलेटच्या आकड्यात अडकतात. आकडा पन्नास हजारांवर आला की पिशव्यांसाठी नातेवाइकांची रक्तपेढ्यांकडे धावाधाव सुरू होते. रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवण्याची गरज नसते. रुग्णाचा रक्तदाब, लघवी आणि रक्ताचा घट्टपणा दाखवणारा हिमॅटोक्रिट, हे त्याहून महत्त्वाचे. १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे घाटीत, मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांतून रुग्ण येतात. गल्लीतल्या डॉक्टरांनी धोक्याची लक्षणे वेळेवर ओळखून पाठवलेला रुग्ण आणि सलाईनवर दोन दिवस काढून मग आणलेला रुग्ण, यांच्या वाचण्याच्या शक्यतेत फार अंतर पडते.

हे सगळे घासणे, गाळणे, उकळणे घरातल्या बायकाच करतात, बहुतेकदा नोकरी किंवा मजुरी सांभाळून. साथ आली की ‘नागरिकांनी काळजी घ्यावी’ असे पत्रक काढणे सोपे असते; पण लोकांनी पाणी हौसेने साठवलेले नाही. १,६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन १२ डिसेंबर २०२० रोजी झाले. पुढे तिचा खर्च २,७०० कोटींच्या वर गेला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला तिच्या कामावर लक्ष ठेवावे लागले. ही योजना जितकी पाणीपुरवठा विभागाची तितकीच आरोग्य विभागाची आहे, असे मानून तिचा हिशेब मागायला हवा.

रोज पाणी येईपर्यंत एक काम महापालिकेला फारशा खर्चाशिवाय करता येईल. कोणत्या वसाहतीला कोणत्या दिवशी पाणी सुटणार, याचे वेळापत्रक तिथल्या आरोग्य केंद्राला आणि खासगी दवाखान्यांना आधी कळवायचे, ते पाळायचे, आणि आशाताईंच्या घरभेटी पाण्याच्या आदल्या दिवशी ठेवायच्या. पिंपे तेव्हाच रिकामी असतात.