बॉनेटखाली, लेखांक ७ : सहा सिलिंडर, रांग एक की दोन?

मागच्या लेखात टर्बोने डिझेल इंजिनाला दम कसा दिला ते पाहिले. आज इंजिनाच्या बांध्याकडे वळू. सगळे सिलिंडर एकामागे एक सरळ उभे केले की ते झाले इनलाइन इंजिन. त्यांच्या दोन रांगा करून दोन्ही खाली एकाच क्रँकशाफ्टला जोडल्या की झाले व्ही इंजिन. पिकअपला यातले कुठले बरे, हा अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांचा आवडता वाद. त्यात कंपनीचा अभिमान एवढा मिसळलेला असतो की मुद्दा बाजूलाच राहतो.

मुद्दा तपासायला एक चांगली जोडी मात्र मिळते. फोर्डने २०१८ मध्ये एफ-१५० या हलक्या पिकअपमध्ये ३ लिटरचे व्ही-६ डिझेल बसवले. शेवरोलेने २०२० च्या सिल्व्हराडो १५०० मध्ये ३ लिटरचे इनलाइन-६ ड्युरामॅक्स डिझेल आणले. दोन्हींच्या सिलिंडरचा व्यास ८४ मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. दोन्हींना दहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि तो तर फोर्ड व शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स यांनी मिळूनच तयार केलेला. ठळक फरक उरतो तो मांडणीचा.

आकडे असे. फोर्डचे व्ही-६ : २५० अश्वशक्ती आणि मिनिटाला १७५० फेऱ्यांना सुमारे ५९७ न्यूटन-मीटर टॉर्क. शेवरोलेचे इनलाइन : २७७ अश्वशक्ती आणि १५०० फेऱ्यांनाच सुमारे ६२४ न्यूटन-मीटर. टू-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचे हायवेवरचे सरकारी मायलेज फोर्डला गॅलनमागे ३० मैल, शेवरोलेला ३३. आपल्या हिशेबात लिटरला पावणेतेरा आणि चौदा किलोमीटर. पण एवढ्यावर ‘सरळ रांग जिंकली’ म्हणायची घाई नको. इंधन किती जळते आणि टर्बो किती हवा कोंबतो, यावर ताकद ठरते. सिलिंडर उभे आहेत की तिरके, हे पिस्टनवर दाबणाऱ्या गॅसला कळतही नाही. मायलेजमध्ये गाडीचे वजन आणि हवेचा अडथळाही येतो. मांडणीचा परिणाम दिसतो तो वेगळ्या ठिकाणी.

थरथर कुठून येते?

आधी आपल्या ओळखीचे चार सिलिंडरचे इनलाइन इंजिन घेऊ. दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, म्हणजे हिशेब जुळायला हवा. तो पूर्ण जुळत नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होत जात असल्यामुळे पिस्टनची चाल वरच्या अर्ध्यात जास्त झपाट्याची असते, खालच्या अर्ध्यात कमी. त्यामुळे वरच्या जोडीचा झटका खालच्या जोडीपेक्षा मोठा ठरतो आणि क्रँकच्या प्रत्येक फेरीत दोनदा एक धक्का शिल्लक राहतो. इंजिन मोठे तसा हा धक्का मोठा. म्हणून मोठ्या चार सिलिंडरच्या इंजिनांत तो मारायला उलट फिरणारे बॅलन्स शाफ्ट घालतात.

सहा सिलिंडर एका रांगेत आले की ही शिल्लक आपोआप संपते. पहिला-सहावा, दुसरा-पाचवा, तिसरा-चौथा अशा तीन जोड्या क्रँकवर १२० अंशांच्या अंतराने बसतात आणि एकमेकींचे धक्के खोडून काढतात. शिवाय पुढचा अर्धा भाग मागच्या अर्ध्याचे आरशातले रूप असल्याने इंजिन पुढे-मागे डोलतही नाही. बॅलन्स शाफ्टची गरजच नाही.

व्ही-६ म्हणजे तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा. त्यातही दर १२० अंशांना एक स्फोट होतो, म्हणजे ताकदीचे ठोके तितकेच नियमित. पण तीन सिलिंडरच्या रांगेला मधला आरसा नसतो. कावडीच्या दोन्ही टोपल्या सारख्या वजनाच्या असल्या तरी चालताना एक वर, एक खाली होत राहते, तशी व्ही-६ ची दोन टोके डोलतात. मर्सिडीजने आपल्या जुन्या ३ लिटर व्ही-६ डिझेलमध्ये त्यासाठी बॅलन्स शाफ्ट दिला होता. इतर ठिकाणी क्रँकची वजने आणि रबरी माउंटिंग हे काम बऱ्यापैकी निभावतात.

मग व्ही आले कशाला?

जागेसाठी. ८४ मिलिमीटरचे सहा सिलिंडर ओळीत ठेवले तर नुसत्या भोकांचीच लांबी ५०४ मिलिमीटर होते. मधल्या भिंती, पाण्याची वाट, पुढचा पंप, पुली हे सगळे वेगळे. क्रँक लांब, त्याला सात मुख्य बेअरिंग. लांब क्रँकला पीळ बसतो, तो आवरायला पुढे डँपर हवा. व्ही-६ मध्ये तीनच सिलिंडरची लांबी, क्रँक आखूड, मुख्य बेअरिंग चार, ब्लॉक आटोपशीर आणि ताठ.

आणि इथे फोर्डच्या इंजिनाची जन्मकथा कामी येते. ते पिकअपसाठी जन्मलेलेच नव्हते. फोर्ड आणि फ्रान्सच्या पूजो-सिट्रोएन गटाने मिळून या शतकाच्या सुरुवातीला काढलेल्या व्ही-६ घराण्यातले ते, इंग्लंडमधल्या डॅगनम इथे बनलेले. ते जग्वारमध्ये उभे बसायला हवे होते आणि पुढची चाके ओढणाऱ्या पूजोमध्ये आडवेही. आडव्या जागेत सरळ सहा सिलिंडर मावणे कठीण. व्ही करणे भागच होते. एफ-१५० च्या वाट्याला ते नंतर आले. उलट शेवरोलेचे इंजिन जनरल मोटर्सच्या तुरिन इथल्या अभियंत्यांनी मोठ्या पिकअप आणि एसयूव्ही डोळ्यांसमोर ठेवून आखले. पिकअपच्या नाकात लांबीची तंगी नसते, म्हणून सरळ रांग परवडली.

सायलेन्सरचा कौल

गेल्या काही वर्षांत पारडे सरळ रांगेकडे झुकले आहे, आणि त्याचे कारण इंजिनाच्या आत नाही, धुराड्यात आहे. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आणि युरियाच्या पाण्याने नायट्रोजनची ऑक्साइडे मोडणारा कॅटॅलिस्ट, दोघांनाही उष्णता लागते. धूर थंड झाला की युरिया नीट काम करत नाही आणि फिल्टरमधली काजळी जाळायला जास्तीचे डिझेल खर्च होते. इनलाइन इंजिनात एका बाजूने हवा आत येते, दुसऱ्या बाजूने सगळा धूर बाहेर पडतो. त्या गरम बाजूला टर्बो आणि त्याला चिकटूनच फिल्टर बसवता येतो. व्ही-६ मध्ये धूर दोन रांगांतून निघतो. तो नळ्यांनी फिरवून एकत्र आणावा लागतो आणि वाटेत थंड होतो.

फोर्डच्या मोठ्या पिकअपमधल्या ६.७ लिटरच्या व्ही-८ ने २०११ मध्ये यावर उलटा डाव टाकला : धूर बाहेरून न काढता दोन रांगांमधल्या खोबणीत सोडला आणि टर्बो तिथेच बसवला. मर्सिडीजने मात्र २०१७ पासून व्ही-६ सोडून सरळ सहाची वाट धरली. टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरनेही, त्याच डॅगनमच्या व्ही-६ च्या जागी, २०२० मध्ये स्वतःचे सरळ सहाचे डिझेल आणले.

गॅरेजमध्ये

व्ही म्हणजे दोन हेड, दोन हेड गॅस्केट, दुप्पट कॅमशाफ्ट. काम निघाले की मजुरीही त्या मानाने. सरळ इंजिनात हेड एकच, आणि इंजिन अरुंद असल्याने बाजूने हात जातो. पण लांबीची किंमत इथेही मोजावी लागते. शेवरोलेच्या या इंजिनाची टायमिंग चेन आणि ऑइल पंपाचा पट्टा मागच्या टोकाला, गिअरबॉक्सकडे आहेत. पहिल्या पिढीत तो पट्टा दीड लाख मैलांना, म्हणजे सुमारे दोन लाख चाळीस हजार किलोमीटरला बदलायचा, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा. सरळ रांग म्हणजे सोपी दुरुस्ती, हे सूत्र डोळे मिटून वापरू नये.

जड पिकअपमध्ये हा वाद आणखी जुना. १९८९ मध्ये डॉजने कमिन्सचे ५.९ लिटरचे सरळ सहा सिलिंडरचे इंजिन घेतले. शेती आणि बांधकामाच्या यंत्रांसाठी आखलेले हे दणकट इंजिन. फोर्ड आणि शेवरोले तिथे व्ही-८ वरच राहिले. कमिन्सच्या याच घराण्याची इंजिने टाटा कमिन्सने आपल्याकडे टाटांच्या ट्रकमध्ये आणली. या कंपनीचा एक कारखाना साताऱ्याच्या फलटणला आहे. म्हणजे अमेरिकन पिकअपवाला ज्या इंजिनाचे गोडवे गातो, त्याचे भाऊबंद आपल्या घाटांतून माल ओढत आले आहेत.

आपल्या पिकअपमध्ये मात्र हा प्रश्न येतच नाही. बोलेरो पिकअप, इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स, सगळ्यांत चार सिलिंडर सरळ रांगेत. डिझेलला सिलिंडरमागे अर्धा लिटर किंवा थोडे जास्त हे माप मानवते. तीन लिटरच्या आत चार सिलिंडर पुरतात, आणि चार सिलिंडरची रांग कुठेही मावते. व्ही करून दुसरे हेड विकत घेण्यात काही मतलब नाही.

म्हणून कुणी व्ही किंवा इनलाइनच्या नावाने छाती फुगवली, तर त्याला विचारावे : हे इंजिन मुळात कुठल्या गाडीसाठी आखले होते, धूर कुठून फिरतो, आणि टायमिंगचे काम निघाले तर काय काय उतरवावे लागते? या तीन उत्तरांतून जेवढे कळते तेवढे सिलिंडरच्या रांगा मोजून कळत नाही.

पुढच्या आठवड्यात : काजळीचा फिल्टर शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीत का तुंबतो?